6 फूट 7 इंचांचा शॉर्टस्टॉप

(पडद्यावर: पिट्सबर्गचं पीएनसी पार्क, मागे ॲलेघेनी नदी आणि तिच्यावरचा पिवळा पूल.)

आपल्याकडे बेसबॉल बघणारे कमी, म्हणून आधी एवढं सांगून टाकू. बेस म्हणजे फलंदाजाने धावत एकामागून एक गाठायची ठाणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो तो शॉर्टस्टॉप. सरपटी चेंडू सगळ्यात जास्त त्याच्याच वाट्याला येतात. खाली वाकायचं, चेंडू ग्लोव्हमध्ये घ्यायचा, दुसऱ्या हातात काढायचा आणि पहिल्या बेसवर फेकायचा. फलंदाज 90 फूट धावून तिथे पोचतो साधारण सव्वाचार सेकंदांत. तेवढ्यात हे सगळं उरकायचं.

असं काम चपळ, बुटक्या-मध्यम बांध्याच्या खेळाडूचं, असं मानणारे जुने लोक पुष्कळ. बाल्टिमोरचा नामांकित शॉर्टस्टॉप कॅल रिपकेन ज्युनिअर 6 फूट 4 इंचांचा होता, तर तेवढ्याचंही केवढं अप्रूप!

(पडद्यावर: सरावाचं मैदान. एक लांबच लांब सावली.)

आणि हा ओनील क्रूझ. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या निझाओचा. जन्म 4 ऑक्टोबर 1998. न्यूयॉर्क यांकीज संघातल्या पॉल ओनील या खेळाडूवरून वडिलांनी नाव ठेवलं. 2015 मध्ये, सोळाव्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्याच्याशी साडेनऊ लाख डॉलरचा करार केला. त्यानंतरही पोरगा वाढतच राहिला. 2017 च्या जुलैअखेर डॉजर्सना टोनी वॉटसन हा डावखुरा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) हवा होता. त्याच्या बदल्यात त्यांनी क्रूझला पिट्सबर्ग पायरेट्सकडे धाडलं. (हाच तो संघ, ज्याने 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केलं होतं.)

मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या स्तरावरची, सगळी वर्षं एकच भाकीत त्याच्या मागे लागलं होतं: हा शॉर्टस्टॉपला टिकायचा नाही. आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात जाईल, नाहीतर पहिल्या बेसवर.

खुळं भाकीत नव्हतं ते. उंच माणसाला जमिनीपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. लांब हातांचा फेरा मोठा, त्यामुळे बॅट वळायलाही उशीर. त्यात स्ट्राइक झोन (ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध मोजतात ती चौकट) मोजतात खेळाडूच्या अंगावरून, म्हणजे पिचरला नेम धरायला आयती जास्त जागा.

पण क्रिकेट बघणाऱ्यांना गलीत उभा राहिलेला 6 फूट 8 इंचांचा जोएल गार्नर आठवत असेल. लांब हात आडवेही येतात आणि कामालाही येतात.

2 ऑक्टोबर 2021. क्रूझ पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर उतरला, तोही शॉर्टस्टॉप म्हणूनच. सामन्याच्या सुरुवातीपासून त्या जागेवर खेळलेला इतका उंच खेळाडू त्याआधी झाला नव्हता.

(पडद्यावर: फेक, संथ गतीत.)

आता हे बघा. 14 जुलै 2022, मायामी. चेंडू ग्लोव्हमध्ये. खांदा मागे. आणि सुटलेली फेक ताशी 97.8 मैल, म्हणजे 157 किलोमीटर. शोएब अख्तरच्या पट्टीतला वेग, आणि तोही रनअपशिवाय!

त्याच वर्षी 24 ऑगस्टला घरच्या मैदानावर त्याने मारलेला चेंडू ताशी 122.4 मैलांनी बॅटवरून सुटला. तोवर मोजलेला सर्वांत वेगवान फटका. उजवीकडच्या 21 फुटी भिंतीवर आदळून चेंडू इतक्या लवकर परत आला, की साहेबांना पहिल्या बेसवरच थांबावं लागलं. विक्रम झाला, मिळाला एकच बेस.

मग एप्रिल 2023. होम प्लेटवर (फलंदाज उभा राहतो त्या शेवटच्या ठाण्यावर) घसरताना कॅचरशी, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाशी टक्कर, घोटा मोडला, अख्खं वर्ष वाया.

2024 मध्ये तो परतला, शॉर्टस्टॉपलाच. चुका मात्र होत राहिल्या. माझं मत विचाराल तर त्यातल्या पुष्कळशा उंचीच्या खात्यात टाकता येणार नाहीत. चेंडू हातात यायच्या आधीच नजर पहिल्या बेसकडे, मग घाईची फेक. हे साडेपाच फुटी माणसालाही होतं. पण ऑगस्ट संपता संपता संघाने त्याला सेंटर फील्डला, म्हणजे आउटफिल्डच्या मधल्या जागी हलवलं.

(पडद्यावर: नदीकडे झेपावणारा चेंडू.)

25 मे 2025 ला त्याने स्वतःचाच विक्रम मोडला: 122.9 मैल, चेंडू थेट नदीत. त्या मोसमात 20 होमरन, 38 चोरलेले बेस (पिचरची नजर चुकवून धावत गाठलेले) आणि फलंदाजीची सरासरी जेमतेम .200, म्हणजे पाच प्रयत्नांत एक यशस्वी फटका. संघाने याचं करायचं तरी काय?

(पडद्यावर: सेंटर फील्ड. उंच उडालेला चेंडू, आणि त्याच्याखाली लांब टांगा टाकत निघालेला क्रूझ.)

इथे वाकणं कमी, धावणं जास्त.