बिदरची काळी माती

आपल्या लातूरकरांना बिदर परकं नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ सालापर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. आजही इथल्या कितीतरी घरांत बिदरकडची सून असते, भालकीची मावशी असते. आणि त्याच्याही आधी बिदर आपल्याला भेटतं ते कीर्तनात. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली, आणि पंतांवर बालंट आलं तेव्हा पांडुरंग विठू होऊन बिदरच्या दरबारात गेला. धान्याचे पैसे मोजले आणि पावती घेऊन आला. माझी आजी ही गोष्ट सांगताना ‘बेदर’ म्हणायची. तिनं ते गाव कधी पाहिलं नाही, पण तिच्या सांगण्यातून ते माझ्या ओळखीचं झालं होतं.

एवढं जवळचं गाव आपण पाहतो कसं? सकाळी गाडी काढायची, नानक झिरा, किल्ला, मदरसा उरकायचा आणि दिवेलागणीला परत. मी स्वतः दोनदा असंच केलं. तिसऱ्या वेळी एक रात्र राहिले, म्हणून आज तुमच्यासमोर बोलते आहे.

चौबाऱ्याच्या बुरुजापासून किल्ल्याकडे निघालं की वाटेत महमूद गावानचा मदरसा लागतो. गावान मूळचा इराणातल्या गिलानचा. बहामनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ साली त्यानं हे विद्यापीठ उभं केलं. त्याच सुमारास त्यानं गोवाही जिंकला. दर्शनी भागावर निळ्या-पिवळ्या फरशांचे जे तुकडे उरलेत ते पाहा. एके काळी सगळा दर्शनी भागच अशा फरशांनी मढवलेला होता. १६९६ साली आत साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि एक मिनार आणि पुढचा बराच भाग कोसळला. स्वतः गावान त्याच्या कितीतरी आधी, १४८१ साली, एका बनावट पत्रापायी मारला गेला. पत्रावर शिक्का त्याचा होता, मजकूर दुसऱ्यानं घातलेला. असा माणूस गेल्यावर राज्य टिकत नाही. पुढं बहामनीची पाच शकलं झाली, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

पण मला आज बोलायचं आहे ते याच परिसरातल्या गल्ल्यांबद्दल. तिथं लहान लहान खोल्यांत बिदरीचं, म्हणजे काळ्या धातूत चांदीची नक्षी जडवायचं, काम चालतं. अशाच एका खोलीत मी पूर्ण सकाळ बसले होते. बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. राळ आणि एरंडेल मिसळलेल्या मातीच्या साच्यात ओतीव काम होतं. कानशीनं घासून वस्तू गुळगुळीत झाली की तिला मोरचुदाचं पाणी लावतात. ती तेवढ्यापुरती काळी पडते आणि त्यावर टोकदार पोलादी सळईनं ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. समोरच्या कारागिरानं सुरईवर वेल काढली ती कशावर बघून नव्हे. हात फिरत गेला, वेल उमटत गेली. मग छिन्नीनं त्या रेघेची चर करायची आणि चरीत चांदीची तार बसवून हलकेच ठोकायची. याला तारकशी म्हणतात.

यानंतर जे घडलं त्यानं माझ्या पोटात धस्स झालं. कारागिरानं पुन्हा कानस घेतली आणि सगळी सुरई घासून काढली. वरचा काळेपणा गेला, जस्त करडं झालं, चांदीही करडी दिसू लागली. कितीतरी दिवसांची ती वेल जवळजवळ नाहीशी झाली. मी बघत राहिले. त्यानं सुरई शेकली, नवसागर घातलेल्या मातीच्या पाण्यात बुचकळली आणि हातानं चोळायला लागला. बोटांखाली धातू काळा होत गेला, काजळासारखा काळा. चांदीला काहीच झालं नाही. वेल जशीच्या तशी, लखलखीत, वर आली.

ती माती बिदरच्या किल्ल्यातली. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या, जुन्या इमारतींच्या आतल्या जागेतली. कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून तिचा कस सांगतात. म्हणजे हा काळेपणा वरून फासलेला रंग नव्हे. त्या जमिनीनं त्या धातूला दिलेला तो वर्ण आहे. म्हणून किल्ला आणि ही खोली मला वेगळ्या पाहता येत नाहीत.

बिदरीला भौगोलिक मानांकन आहे. २०२३ साली बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, त्याचा मला फार आनंद झाला. पण त्या खोलीत कानशीची भुकटी सारखी उडत होती आणि नाकाला एक साधा रुमाल बांधलेला होता, तेही मी विसरत नाही. चांदी महागते आहे आणि मुलं दुसरीकडे नोकऱ्या शोधतात. ज्यानं आपल्यासमोर छिन्नी चालवली त्याच्याशी घासाघीस करू नका, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. मोठी वस्तू झेपत नसेल तर छोटी घ्या.

आणि हे काम पाहून झाल्यावर किल्ल्यातल्या रंगीन महालात जा. अनेकदा कुलूप असतं, विनंती करून उघडून घ्यावं लागतं. आत काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवले आहेत. काळ्यावर पांढरी तीच वेल, तीच नजर. आधी महाल पाहिला असता तर मी नुसतं ‘छान’ म्हणून पुढं गेले असते. आता प्रत्येक तुकड्यामागची छिन्नी ऐकू येत होती.

मी तेव्हा घेतलेली सुपारीची डबी आज सोबत आणली आहे. पहिल्या रांगेपासून फिरवते. हातात घेऊन वजन पाहा, झाकणावरून बोट फिरवा. तार कुठं संपते आणि धातू कुठं सुरू होतो, ते बोटाला सापडतं का बघा.