लुइसचा मठ आणि शिशाच्या दोन पेट्या

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात लुइस नावाचं गाव आहे, तिथल्या सेंट पॅनक्रस मठाची ही हकीकत. विल्यम द वॉरेन हा नॉर्मन सरदार बायको गुंड्राडासह रोमच्या यात्रेला निघाला. वाटेत पोप आणि सम्राट यांची लढाई जुंपलेली! मग दोघं फ्रान्समध्ये क्लूनीच्या मठातच राहिली. तिथली शिस्त, तिथला पाहुणचार इतका आवडला की परतल्यावर, १०७७च्या सुमारास, तिथलेच साधू बोलावून लुइसला मठ काढला. इंग्लंडमधला क्लूनी पंथाचा पहिला मठ, बरं का.

साडेचारशे वर्षं तो नांदला. १५३७ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात बंद झाला आणि जागा मंत्री थॉमस क्रॉमवेलला मिळाली. त्यानं पोर्टिनारी नावाच्या इटालियन इंजिनियरला लंडनची १७ कसबी माणसं देऊन पाठवलं. भिंती खालून पोखरायच्या, लाकडी टेकू द्यायचे आणि मग पाडायच्या. शिसं वितळवायला भट्टीही लावली. हे शिसं लक्षात ठेवा हं.

आता १८४५चा ऑक्टोबर. ब्रायटनहून येणारी रेल्वेलाइन थेट मठाच्या जागेवरून न्यायची ठरली. (जुनं काही आडवं आलं की रेल्वेवाले वळसा घेत नाहीत, हे माझं जुनं मत.) मजूर खणतायत, खणतायत, आणि पहार कशाला तरी लागते. शिसं! शिशाच्या दोन पेट्या. लांबी जेमतेम तीन फूट. माती पुसली तर एकीवर ‘गुंड्राडा’, दुसरीवर ‘विल्यम’. मठ काढणारं तेच जोडपं! मूळ थडग्यांतून अस्थी काढून कुणीतरी या पेट्यांत ठेवल्या होत्या. वरचं सगळं शिसं क्रॉमवेलच्या माणसांनी वितळवलं, जमिनीखालचं हे मात्र हाती लागलंच नाही.

आणखी गंमत ऐका. गुंड्राडाच्या थडग्यावरची काळी कोरीव शिळा त्याआधीच, अठराव्या शतकात, जवळच्या इसफील्डच्या चर्चमध्ये सापडली होती. तिथे ती दुसऱ्याच माणसाच्या थडग्यावर बसवलेली! ती उचलून लुइसच्या साउथओव्हर चर्चमध्ये आणली. बाई मागाहून आल्या. पेट्या आणि शिळा आज तिथेच एका छोट्या दालनात आहेत.

मठाचं काय उरलंय? भिंतींचे सुळके, आणि त्यांतला ठळक भाग म्हणजे साधूंचं शौचालय. हसू नका. खाली पाण्याचा पाट काढून बांधलेलं पक्कं काम आहे ते. आपल्याकडे वर्षभरात गळणारी सार्वजनिक शौचालयं बांधणाऱ्या ठेकेदारांची एक सहल तिथे जरूर न्यावी.