खलनायकाला बटणं कळतात

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘सायको मँटिस : शक्ती आणि सामर्थ्य’. मघाशी दारात एका आजोबांनी विचारलं, हे कापसावर फवारायचं नवीन औषध का? नाही आजोबा, हा व्हिडिओ गेममधला खलनायक आहे. पण त्याच्याकडे जायचं तर वाटेत डोंबिवलीला उतरावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे. (हशा.) ज्यांनी मला आधी ऐकलंय, ते हसले.

साल १९९४. मी सातवीत. क्लासच्या रस्त्यावर एक पार्लर होतं. केस कापायचं नव्हे, व्हिडिओ गेमचं. एक गाळा, चार पेट्या, एक पंखा आणि दाराला जाड पडदा. पडदा अशासाठी, की आईबापांना आतलं दिसू नये आणि आम्हाला बाहेरचे आईबाप दिसू नयेत. रुपयाला एक टोकन. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. शेठ गल्ल्यावर बसून दिवसभर शब्दकोडं सोडवायचे.

कोपऱ्यातली पेटी ‘स्ट्रीट फायटर टू’ची. खेळ १९९१चा, पण आमच्या पेटीत कुठल्या बनावटीचा बोर्ड होता देव जाणे. त्यात गाइल नावाचा एक अमेरिकन सैनिक आहे, डोक्यावर केसांचा झाडू उभा केलेला. त्याचा ‘सॉनिक बूम’ मारायचा तर दांडी आधी मागे ओढून धरायची, एखाद-दोन सेकंद, मग पुढे ढकलायची आणि ठोसा. ते थांबणं ही त्या चालीची किंमत. आम्ही ती इमानदारीने मोजायचो. आणि मशीनच्या हातातला गाइल? दांडी मागे धरण्याची भानगडच नाही. पुढे चालत येतोय आणि बूम मारतोय. आम्ही रोखीने, तो उधारीवर. ही नुसती हरलेल्या पोराची कुरकुर नाही हं. मशीनला ती अट लागूच नव्हती, हे पुढे खेळाडूंनी तपासून दाखवलेलं आहे.

शेवटी यायचा बायसन. लाल गणवेश, टोपी आणि अंगात ‘सायको पॉवर’. जाता जाता सांगतो, जपानमध्ये याचं नाव व्हेगा. बायसन हे तिथे याच खेळातल्या मुष्टियोद्ध्याचं नाव, पण ते माइक टायसनच्या फारच जवळ जात होतं, म्हणून परदेशी पाठवताना तिघा खलनायकांची नावं आपसांत फिरवली. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तिथे निर्यातीत.

तर त्या दिवाळीत ओवाळणीचे सात रुपये घेऊन मी बायसनपर्यंत पोचलो. सहा टोकनं गेली. सातव्याला तिसरी फेरी, त्याच्या ताकदीची पट्टी नखाएवढी उरलेली. मागे पाच-सहा पोरं श्वास रोखून. मी ‘आडुकेन’ सोडला, म्हणजे तळहातातून सुटणारा तेजाचा गोळा. मूळ शब्द ‘हादोकेन’ आहे, पण डोंबिवलीत ‘ह’ला कोण विचारतो. माझं बटण पुरतं दाबलं जायच्या आत हा माणूस हवेत! आणि दोन्ही टाचा माझ्या डोक्यावर. खेळ खलास.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, मशीन चीटिंग करतंय, रुपया परत द्या. शेठ कोड्यातून मान वर न करता म्हणाले, ‘‘अरे, त्याला तुझी बटणं कळतात. वायर तिथूनच जाते ना.’’

सगळी पोरं हसली. तो रुपया मला अजून येणं आहे. पण मित्रहो, मी पुढे पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि खलनायकाच्या सामर्थ्याची याहून चांगली व्याख्या मला मिळालेली नाही. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. डोळ्याने बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधरा चित्रं निघून गेली. मशीनला बघावंच लागत नाही. तुमचं बटण आधी त्याच्याकडे जातं, मग त्याचं चित्र होऊन तुमच्याकडे येतं. तुम्ही पडद्याकडे बघून लढता, तो तुमच्या बोटांकडे. वर त्याला गल्लाही भरायचा असतो.

चिठ्ठी आली आहे. ‘चार मिनिटे’. खाली दोनदा रेघ मारलेली आहे, म्हणजे मँटिसला आता आणलाच पाहिजे.

खेळ ‘मेटल गिअर सॉलिड’, १९९८, घरच्या टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशन नावाचं मशीन, दिग्दर्शक हिदेओ कोजिमा. अलास्काजवळचं एक बेट, तिथे अतिरेक्यांची टोळी, तिच्यात हा गॅस मास्क घातलेला हडकुळा माणूस. जमिनीला पाय न लावता तरंगतो, अदृश्य होतो, हात न लावता खुर्च्या-फुलदाण्या अंगावर फेकतो, नायकासोबतच्या मुलीचं मन ताब्यात घेतो. हे सगळं ठीक आहे. असल्या सिद्धी कुठल्याही मांत्रिकाला असतात. पण मग तो म्हणतो, मी तुझं मन वाचतो, आणि नायकाचं सोडून तुमचं वाचायला लागतो. मशीनला लावलेलं, खेळांची प्रगती साठवायचं मेमरी कार्ड उघडतो, त्यात त्याच कंपनीचे दुसरे खेळ सापडले तर म्हणतो, हे तुला आवडतं वाटतं. तुम्ही किती वेळा सेव्ह केलं त्यावरून तुमचा स्वभाव सांगतो. कंट्रोलर जमिनीवर ठेवायला लावतो आणि आतली मोटर थरथरवून तो सरकवतो. मध्येच पडदा काळा होतो आणि कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘व्हिडिओ’. नीट बघा, पहिलं अक्षर ‘व्ही’ नाही, ‘एच’ आहे. दिग्दर्शकाने स्वतःचं नाव घातलंय. हॉस्टेलवर आमच्या रूममेटने तेवढ्यात उठून टीव्हीच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या होत्या. टीव्ही परत लागलाही. तो अजून ते श्रेय सोडत नाही.

आणि लढाईत प्रत्येक गोळी चुकवतो. का? बटणं कळतात. वायर तिथूनच जाते ना! बायसनची जी लबाडी पेटीच्या पोटात लपवलेली होती, ती कोजिमाने उघड्यावर आणून या माणसाची सिद्धी केली. मला एवढंच सांगायचं होतं.

मग मारायचा कसा? आठवा जरासंध. भीम त्याला चिरतो, तुकडे जुळतात. शेवटी आखाड्याबाहेर उभा असलेला कृष्ण काडी चिरून तुकडे उलटसुलट फेकतो. इथे कृष्ण म्हणजे रेडिओवरचा कर्नल. तो सांगतो, कंट्रोलर पहिल्या खाचेतून काढ, दुसरीत घाल. तुम्ही खुर्चीतून उठता, टीव्हीशी गुडघे टेकता, वायर बदलता. मँटिस ओरडतो, मला तुझं मन वाचता येत नाहीये! पुढचं नेहमीचं. मरता मरता तो कपाटामागची वाट उघडून देतो आणि म्हणतो, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी ही शक्ती पहिल्यांदाच वापरली, बरं वाटलं.

घंटा ऐकू आली, अध्यक्ष महोदय. एकच सांगतो. २००८च्या चौथ्या भागात त्याचं भूत परत येतं. आल्या आल्या मेमरी कार्ड शोधतं. नव्या मशीनमध्ये कार्डच नाही, हार्ड डिस्क. भूत गोंधळतं. मग कंट्रोलर थरथरवून बघतं. आणि तुमच्या कंट्रोलरमध्ये मोटर असली, तर काय खूश होतं म्हणून सांगू!

बसतो.