बाळ काचेत आहे

(दृश्य : रात्रीचा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. मॉनिटरचे हिरवे आकडे. एका पेटीवर अंधारासाठी टाकलेली दुपट्याची घडी.)

२५ आठवड्यांत जन्मलेलं बाळ साधारण पाऊण किलोचं असतं. कातडी इतकी पातळ, की चिकटपट्टी काढतानाही सोलवटते. घशात नळी, बेंबीतून सलाईन, तळपायाला गुंडाळलेला लाल दिवा. बाहेर जिन्यात बसलेले नातेवाईक गावी फोन करून एवढंच सांगतात, "बाळ काचेत ठेवलंय."

त्या काचेच्या आत गेल्या साठ वर्षांत खूप काही बदललं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोच्या थोडा वर. फुप्फुसांचे फुगे मिटू न देणारं सर्फॅक्टंट त्याच्या छातीत पुरेसं तयार झालेलं नव्हतं. एवढ्या बलाढ्य देशाच्या अध्यक्षाचं मूल, पण ३९ तासच जगलं. आज तेवढ्या वजनाचं, तेवढ्याच आठवड्यांत जन्मलेलं बाळ आपल्या जिल्हा रुग्णालयातूनही बहुतेक वेळा आईच्या कुशीत घरी जातं. सातमाशी जगतं आणि अठमाशी जगत नाही, असं अजूनही घराघरांत ऐकू येतं. ते खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनं असतो.

पण काही बाळांच्या बाजूनं काहीच उरत नाही. कुणाच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला असतो. कुणाला जन्मताना प्राणवायू इतका कमी पडलेला असतो, की ते स्वतःहून श्वासही घेत नाही. कुणाच्या दोन्ही मूत्रपिंडांचा पत्ताच नसतो, आणि त्यामुळे फुप्फुसंही वाढलेली नसतात. यंत्र चालू असतं, आकडे दिसत असतात, पण बाळ बरं होण्याच्या दिशेनं काहीच घडत नसतं. अशा वेळी काय करायचं?

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या डफ आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी हा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे मांडला. त्यांच्या नवजात विभागात झालेल्या २९९ मृत्यूंपैकी ४३ बाळांच्या बाबतीत, आई-वडिलांशी बोलून, उपचार पुढे न रेटायचं ठरलं होतं, असं त्यांनी छापून टाकलं. वैद्यकीय जगात खळबळ उडाली. असे निर्णय आधीही होत होते. फक्त त्यांच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

आपल्याकडे ते अजूनही फारसं बोललं जात नाही.

(दृश्य : रुग्णालयाच्या काउंटरवरची रांग. हातातली प्लॅस्टिकची पिशवी, त्यात फाइल.)

२०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. जगातली सर्वांत मोठी संख्या. आणि यातलं कुठलं बाळ किती लढू शकेल, हे त्याच्या आठवड्यांइतकंच त्याच्या पत्त्यावरही ठरतं. मोठ्या शहरातल्या सुसज्ज एनआयसीयूत २६ आठवड्यांच्या बाळासाठी आशेनं उपचार सुरू होतात. तेच बाळ एखाद्या पाड्यावर जन्मलं तर रुग्णवाहिका घाट उतरेपर्यंत ते गार पडलेलं असतं. आणि शहरातही खासगी रुग्णालयात पोचलं, तर रोजचं बिल. आधी दागिने, मग गावाकडची जमीन. पंधरवड्यात घर रिकामं होतं.

मग एक दिवस वडील म्हणतात, "आम्ही घरी घेऊन जातो." कागद पुढे येतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर. रुग्णालयाच्या भाषेत 'डामा'. नळी काढली जाते, बाळ दुपट्यात गुंडाळलं जातं, आणि रिक्षात किंवा एसटीत, आजीच्या मांडीवर, धापा टाकत ते निघतं. वेदनेवर औषध नाही. फिट आली तर काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नाही. फोन करायला नंबर नाही.

उपचार थांबवण्याचा निर्णय इथेही झालाच. पण तो पैशानं घेतला, आणि सही मात्र बापाची. हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं. डॉक्टरांनाही याचा त्रास होतो, हे त्यांच्याशी बोललं की कळतं.

कायद्याचं भय हे त्याचं एक कारण. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरावीक परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा मोकळी केली. २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य झाला, आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली : रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, मत शक्यतो ४८ तासांत. पण हे सगळं मुख्यतः मोठ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. ज्यानं अजून पहिला हुंकारही दिला नाही, त्याच्यासाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे सावध डॉक्टर यंत्र चालूच ठेवतात, नाहीतर 'डामा'चा कागद पुढे करतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रोनिंगन प्रोटोकॉलनं असह्य यातना भोगणाऱ्या नवजात बाळाचं जीवन डॉक्टरांनी संपवण्याच्या अटी घालून दिल्या. आपण त्याबद्दल बोलत नाही आहोत. भारतात तो गुन्हा आहे. आपण बोलतोय ते पॅलिएटिव्ह केअरबद्दल : बाळाचा त्रास कमी करायचा, आणि त्याच्या घरच्यांना एकटं सोडायचं नाही.

(दृश्य : सिस्टरचे हात. सुईआधी बाळाच्या ओठांवर सोडलेला दुधाचा थेंब.)

बाळाला दुखतं का? १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया जवळजवळ भूल न देता होत होत्या. त्यांचे मज्जातंतू अपुरे, त्यांना वेदना कळत नाही, असा समज होता. तो खोडून काढणाऱ्यांत पुढे होते इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद. १९८७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की नीट भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर जास्त चांगली सावरतात. न दिलेल्यांच्या शरीरात ताणाची रसायनं उसळतात. हे वाचल्यावर आधीच्या सगळ्या बाळांचा विचार मनातून जात नाही.

म्हणून पॅलिएटिव्ह केअरची सुरुवात वेदनेपासून होते. फेंटॅनिल किंवा मॉर्फिन, वजनाला मोजून. ज्या रक्ततपासणीनं काहीच बदलणार नाही, ती बंद. दिवे मंद, अलार्म मुका. हात-पाय छातीशी दुमडून दुपट्यात गुंडाळणं. आणि सगळ्यांत मोठं औषध, आईच्या उघड्या छातीवरची ऊब. बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही कांगारू पद्धत सुरू केली. जगणाऱ्या बाळासाठी जी चांगली, ती जाणाऱ्या बाळालाही हवी असते.

हे सगळं शेवटच्या दिवशी सुरू करायचं नसतं. गंभीर निदान झालं की उपचारांच्या बरोबरीनंच ते सुरू व्हायला हवं. कारण अंदाज चुकतात. मेंदूचं नुकसान किती, हे पहिल्या दिवशी छातीठोक सांगता येत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर ठरावीक मुदतीचे उपचार सुचवतात : तीन दिवस सगळं करू, मग पुन्हा बसून बोलू. काही बाळं यंत्रावरून काढल्यावरही श्वास घेत राहतात, महिनोन्‌महिने. त्यांना नाकातल्या नळीनं दूध कसं द्यायचं, हे आईला शिकवावं लागतं.

(दृश्य : रिकामी खुर्ची, शेजारी पडदा.)

आणि ते बोलणं कसं असतं? "सगळं करायचं ना?" असं विचारलं तर कुठला बाप नाही म्हणेल? "तुम्हीच ठरवा," हे तर त्याहून कठोर. आयुष्यभर तो मनात म्हणत राहील, मीच मशीन काढायला सांगितलं. डॉक्टरांनी जे दिसतंय ते सांगावं, स्वतःचा सल्ला द्यावा आणि त्याचं ओझं स्वतःही उचलावं.

शिवाय ही चर्चा होते कुणाशी? वडील, मामा, एखादे गावचे ओळखीचे पुढारी. आई सिझर होऊन दुसऱ्या मजल्यावर, कित्येकदा दुसऱ्या रुग्णालयातच. "तिला आत्ताच सांगू नका, दूध आटेल," असं वडीलधारी बायका मायेनंच म्हणतात. आणि मग कुणीतरी परत येतं, हात रिकामे घेऊन. नऊ महिने, सात महिने, पाच महिने, जेवढे झाले तेवढे तिनं एकटीनं वाहिले, आणि निरोप द्यायला तिलाच बोलावलं नाही. व्हीलचेअरवरून तिला खाली आणायला दहा मिनिटं लागतात. आणलंच पाहिजे.

ती आली की नळी तिच्या मांडीवरच काढता येते. आधी सांगायचं, की श्वास थांबून थांबून येईल, रंग बदलेल, याला वेळ लागू शकतो, त्याला त्रास होऊ नये म्हणून औषध दिलंय. बारशाची वाट न पाहता नाव ठेवायचं असेल तर ठेवू द्यायचं. अंगारा, अजान, बाप्तिस्मा, जे ज्याचं असेल ते. हवा असेल तर पावलांचा ठसा, एखादा फोटो. जिवंत जन्मलेलं बाळ तासभरच जगलं, तरी त्याची जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही नोंद होते. ते दाखले घेण्यासाठी कुठल्या खिडकीवर जायचं, हेही कुणीतरी सांगावं. आपल्याकडे एवढ्या लहानग्याला बहुधा दहन न करता पुरतात. तिथेही वडीलच जाऊन येतात.

दोन-तीन दिवसांनी आईला पान्हा फुटतो. बाळ नाही, हे शरीराला कळलेलं नसतं. छाती दगडासारखी होते, ताप येतो, आणि बिचारीला कुणी काही सांगितलेलं नसतं. गार पट्ट्या, आधार देणारे कपडे, गरज पडली तर दूध थांबवणाऱ्या गोळ्या : साधे उपाय आहेत. काहींना ते दूध दुसऱ्या बाळाला द्यावंसं वाटतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. अशा पेढीत आईच्या तपासण्या करून दूध घेतात. पुढे पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र उभारण्यातही याच डॉक्टरांनी पुढाकार घेतला.

२०२२ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास ६० दिवसांची विशेष रजा मंजूर केली. शेतमजूर बाईला, धुणीभांडी करणाऱ्या ताईला असं काही नाही. पण तिच्या दारापर्यंत जाणारी एक व्यक्ती आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं जे काम उभं केलं, त्यातूनच देशभरातल्या आशाताईंच्या भेटी आल्या : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. बाळ गेलं तरी या तारखा वहीतून खोडू नयेत. टाके, रक्तस्राव, छातीतलं दूध, झोप, जेवण, हे सगळं तिला विचारायला कुणीतरी त्या दिवशी त्या घरी जायला हवं. आणि बाळाचं नाव काय ठेवलं होतं, हेही.