आकड्याच्या आधीचं काम

मंडळी, छताला ओल येते, भिंतीचे पोपडे सुटतात, बाथरूमखालच्या खोलीत थेंब पडायला लागतात, आणि आपण पहिल्यांदा काय करतो? कुणाला तरी बोलावतो आणि विचारतो, ‘किती खर्च येईल?’ माझं आजचं सांगणं एवढंच आहे की हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. नेमकं काय करायचंय हेच ठरलेलं नसेल, तर मिळालेला आकडा स्वस्त की महाग हे कुणालाच सांगता येणार नाही.

घाई होते, आणि तिचं कारण खरं असतं. म्हणून गळती थांबवणं आणि दुरुस्ती करणं ही दोन कामं आधी वेगळी करा. वॉल्व्ह बंद करा, ओल्या भागातली वीज मेन स्विचवरून बंद करा, सामान हलवा, मोजपट्टी धरून फोटो काढा. घराचा विमा असेल तर तोडफोड होण्याआधी विमा कंपनीला कळवा. तात्पुरतं पाणी थांबवायला कुणी आला तर त्या कामाचे पैसे त्याला तिथल्या तिथे द्या, पण मोठं काम त्याच तासाला कबूल करून बसू नका. एकदा पाणी थांबलं की विचार करायला चार दिवस मिळतात. घाबरलेल्या माणसाला ते चार दिवस मिळत नाहीत, आणि बहुतेक चुकीचे करार तिथेच होतात.

आता निदान. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बराचसा पैसा इथेच वाया जातो. घरातले सगळे नळ बंद करून दोन तास पाण्याचं मीटर बघा. टाकी असेल तर टाकीतली पातळी खूण करून बघा. कुणी पाणी वापरलेलं नसताना काटा हलला किंवा पातळी उतरली, तर नळांना पाणी आणणारी, म्हणजे दाबाखालची पाइप किंवा टाकीच बहुधा गळते आहे. काहीच हललं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सांडपाण्याची पाइप फक्त वापर होतो तेव्हाच गळते, ती मीटरवर दिसत नाही. तिथे एका वेळी एकाच जाळीत रंगीत पाणी ओतायचं आणि खाली रंग उतरतो का ते पाहायचं. भिंतीच्या ओलीसाठी आणखी एक सोपी युक्ती आहे. पृष्ठभाग पुसून कोरडा करा आणि फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे, आणि तिला वॉटरप्रूफिंग नको, वारा खेळता हवा.

छताचं काँक्रीट फुगून पडत असेल तर मात्र ही घरगुती तपासणी पुरत नाही. आतली सळई गंजते तेव्हा तो गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरून प्लास्टर थापलं तर काही महिने छान दिसतं आणि आत सळई झिजतच राहते. इथे ठेकेदाराला बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन दाखवा. त्याला पुढचं काम मिळणार नसतं, त्यामुळे काम मोठं किंवा लहान करून सांगण्यात त्याचा फायदा नसतो. त्याची फी हा खर्च वाचवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

हे झालं की एका कागदावर काम लिहा आणि समजा तुम्ही तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवताय, तर तोच कागद तिघांनाही द्या. नाहीतर काय होतं बघा. पहिल्याच्या कोटेशनमध्ये एकच ओळ असते: ‘ओल काढून देणे, ठोक.’ दुसरा लिहितो, ‘जुनं प्लास्टर काढून नवं करणे, रंगासह, चौरस फुटाप्रमाणे.’ तिसऱ्याने पाइपचा जॉइंट बदलणं, फरशीचा उतार दुरुस्त करणं, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, राडारोडा उचलणं असं सगळं वेगवेगळं मांडलेलं असतं. तिसऱ्याचा आकडा साहजिकच मोठा दिसतो. पण दुसऱ्याने गळतीला हातच लावलेला नाही, आणि पहिल्याने काय करणार ते सांगितलेलंच नाही. ही तीन वेगळी कामं आहेत, त्यांची तुलना होऊच शकत नाही.

मापाकडेही नीट बघा. खराब झालेला तुकडा ३ बाय ४ फूट, म्हणजे १२ चौरस फूट. खोलीचं छत १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. दर तोच, पण काम दहापट. रंग सगळ्या छताला लावणं योग्यच असेल, पण प्लास्टर सगळं काढायचं की फक्त बोदा वाजणाऱ्या भागाचं, हे ठोकून बघून दोघांनी मिळून खडूने आखायला हवं.

आता ठेकेदाराची बाजू. भिंतीमागे काय आहे ते त्यालाही दिसत नाही. तुम्ही ठोक रकमेचा हट्ट धरलात तर न दिसणारी जोखीम तो रकमेत धरणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून आधी थोडा भाग उघडून बघण्याचे वेगळे पैसे द्या, आणि मग अंदाज मागा. तरीही काही झाकलेलं राहिलं, तर त्या कामाचा दर आजच ठरवा आणि माप प्रत्यक्ष मोजून धरा. ‘जास्तीचं काम लेखी होकाराशिवाय करायचं नाही’ हे वाक्य करारात हवंच. एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवून भाव पाडू नका. पाडलेला भाव तो मालात किंवा कोटात वसूल करतो, आणि ते आपल्याला दिसत नाही.

माल कोणता, किती कोट, मजुरी वेगळी की मालासकट, परांची आणि कर कुणाकडे, हे विचारायला लाजू नका. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट गिऱ्हाईक समजूतदार आहे म्हणून तोही मोकळेपणाने बोलतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि टप्पे कामाला बांधा, तारखांना नको. उचल मालापुरती असावी. बाथरूमचं किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी निदान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालून छत तपासा. ही चाचणी कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि शेवटच्या हप्त्याची मोठी रक्कम ती पार पडल्यावरच द्यायची असंही तिथेच लिहा.