ठणका नाही? मग जास्त जपा

नमस्कार श्रोतेहो. भातं कापून खळ्यावर आली की आपल्याकडे विंचवाचे दिवस सुरू होतात. कोकणातली काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर उठतो तो लाल विंचू. जेमतेम दोन इंचांचा. पेंढ्यात, दगडाखाली, लाकूडफाट्यात दडलेला.

महाड तालुक्यातली, ऐंशीच्या दशकाअखेरची गोष्ट. शेजारचे भाऊकाका उडवी रचत होते. भारा उचलताना अंगठ्याला नांगी लागली. एकदा ओरडले, आणि थोड्या वेळाने चक्क हसायला लागले. ठणका नव्हताच! भगताने अंगारा लावला, मिशीला पीळ दिला, "उतरला!" म्हणाला. मंडळी चहाला बसली.

काकूंचं लक्ष मात्र काकांच्या बंडीवर. कार्तिकातली गार रात्र, आणि बंडी पिळून काढावी इतकी ओली. हात धरला तर बर्फ. दोनदा उलटी झाली. काकू भगताला म्हणाल्या, "बाबा, तुझा उतरला असेल, ह्यांचा चढतोय." भगत चहा टाकून उठला. विटांच्या ट्रकमधून काकांना आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर मोजलं आणि दिली एक बारीकशी गोळी. काकू कडाडल्या, "एवढ्या विषाला गोळी? सुई नाही?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी विडी मागितली, तेव्हा कुठे त्या निवळल्या.

सुईचं हे वेड अजून गेलेलं नाही बरं का. नुसता थकवा आला तरी सलाईन हवं! माझं ऐकाल तर या सलाईनच्या हौसेवर ग्रामपंचायतीने घरपट्टीसारखी पट्टी बसवावी. असो.

ती गोळी प्राझोसिन, मुळात ब्लडप्रेशरची. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी होतं. गोळी वाहिन्या सैल करते. १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी रात्री काढून हा उपचार बसवला. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसेक दगावत, आता एखादा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता प्रतिविषही आहे.

पुन्हा सांगतो. ठणका कमी, पण घाम, उलटी, हातपाय गार? भगताची वाट पाहू नका, गाडी काढा. गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची. दाब एकदम उतरतो, म्हणून पेशंट आडवाच राहू द्या, लघवीलासुद्धा उठवू नका.