दाराबाहेरचा वाचक

(दृश्य : सकाळची वेळ. वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बसलेली माणसं. मागे काचेच्या कपाटांची रांग.)

१९४५ साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आजच्या भारताच्या भूमीवर झालेला हा पहिला ग्रंथालय कायदा. मद्रासचा त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये आला. महाराष्ट्र राज्याचा तर १९६७ मध्ये. दरम्यान १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आपल्या गावानं असा काही कायदा केला होता, ही आठवणही पुसट होत गेली. त्या कायद्याच्याही पंचाण्णव वर्षं आधी, १८५० मध्ये, इथं वाचनालय सुरू झालं होतं. तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे मागायचं आहे ते या गावाला परकं नाही. वाचनालयाचा खर्च सरकारनं उचलावा, हा विचार इथं जुना आहे. आज प्रश्न आहे तो खर्च नेमका कशावर करायचा, याचा.

(दृश्य : कॅमेरा टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून हळूहळू फिरतो.)

या टेबलाशी बसलेल्या माणसांकडं पाहा. बहुतेक निवृत्त, बहुतेक पुरुष. पलीकडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन सकाळपासून बसलेली. यांची वाचनालयाला गरज आहे आणि वाचनालयाला यांची. पण कोल्हापूर जिल्हा एवढाच नाही.

(दृश्य : इचलकरंजी. यंत्रमागांचा खडखडाट. पाळी सुटते.)

इचलकरंजीत माग चालवणारे कितीतरी हात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले आहेत. बारा तासांची पाळी संपवून माणूस बाहेर पडतो तेव्हा वाचनालय बंद झालेलं असतं. उघडं असलं तरी आत त्याच्या भाषेतलं काय आहे? हिंदी वर्तमानपत्र सापडेल. ओडियातलं एखादं पुस्तक शोधून दाखवा. गावी घरी पाठवायचं पत्र, बँकेचा फॉर्म, मुलाचा शाळेचा दाखला, रेशनकार्डाचा अर्ज, या सगळ्यासाठी तो दुकानात पैसे मोजतो. जगातली चांगली ग्रंथालयं हे काम आपलं मानतात. आपल्याकडं ते वाचनालयाचं काम आहे, असं कुणी त्याला सांगितलेलंच नसतं.

गांधीनगरला या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी इथं बाजारपेठ उभी केली. घरातल्या जुन्या माणसांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, नातवंडांचं शिक्षण मराठी-इंग्रजीत. आजोबांच्या ट्रंकेतली पुस्तकं घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. खाली गडहिंग्लज, चंदगडच्या बाजूला कर्नाटकाच्या सीमेवर, शिरोळच्या काही गावांत उलट चित्र. मूल घरी कन्नड बोलतं आणि पहिलीत एकदम मराठी पुस्तकासमोर बसतं. दोन्ही भाषांतली, चित्रं असलेली गोष्टीची पुस्तकं त्याच्या गावच्या वाचनालयात असती, तर त्याचं पहिलं वर्ष किती सोपं गेलं असतं.

(दृश्य : ऊसतोड मजुरांची पालं. बैलगाड्या. वाढ्यांचे भारे.)

आणि ही मुलं. बीड, धाराशिवकडून आई-बापांबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, हंगाम संपला की जातात. यांच्या नावाचं सभासदत्वाचं कार्ड कुठल्याच वाचनालयात नसतं, कारण सभासद व्हायला राहण्याचा पत्ता लागतो. पालाला पत्ता कुठला?

(दृश्य : संगणकासमोर हेडफोन लावून बसलेला दृष्टिहीन तरुण.)

दृष्टिहीन वाचकांच्या बाबतीत तर साधनं हाताशी आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला मुभा देतो. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हा ऑनलाइन संग्रह सुरू आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं ‘एनव्हीडीए’ सॉफ्टवेअर फुकट मिळतं. म्हणजे लागतं काय? एक संगणक, चांगला हेडफोन, इंटरनेट आणि हे सगळं शिकवायला आठवड्यातून काही तास देणारा माणूस. पहिल्या तिन्ही गोष्टी देणगीतून मिळतात. अडतं ते चौथ्यापाशी. त्या माणसाचं मानधन कुठल्या खात्यातून द्यायचं?

(दृश्य : दाखल नोंदवहीची पानं. शिक्के. लाकडी टेबलावर पावतीपुस्तक.)

आता अनुदानाचं गणित पाहू. महाराष्ट्रातली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्येवर, घेतल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांवर आणि नियतकालिकांवर, सभासदांवर. त्या वर्गाप्रमाणं वर्षाला परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायचा खर्च, मिळतं, तेही दोन हप्त्यांत. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. ड वर्गाचं ३० हजारांचं अनुदान त्या वाढीनं ४८ हजारांवर गेलं. वर्षाचे ४८ हजार. त्यातला साधारण निम्मा भाग वेतनाचा धरला, तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. खेड्यातलं वाचनालय रोज उघडणारा, झाडलोट करणारा, पुस्तकं देणारा-घेणारा, नोंदवह्या लिहिणारा माणूस या रकमेवर टिकून आहे. या माणसांच्या वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षांची आहे आणि ती शंभर टक्के न्याय्य आहे.

त्यात आणखी एक गाठ आहे. २०१२ मध्ये झालेल्या ग्रंथालयांच्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नवी मान्यता आणि वर्गबदल बरीच वर्षं थांबलेले होते. ज्यांनी त्या काळात चांगलं काम केलं, सभासद वाढवले, त्यांनाही वरच्या वर्गाचं दार बंदच होतं.

पण माझ्या मते मूळ अडचण रकमेच्याही आधीची आहे. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा ते पुस्तकांची दाखल नोंदवही पाहतात, सभासद नोंदवही पाहतात, वर्तमानपत्रांची बिलं पाहतात. हिशेब तपासायचा तर हे पाहावंच लागणार. मात्र आपल्या गावात कोण राहतं आणि त्यातलं कोण इथं कधीच आलं नाही, हा प्रश्न कुठल्याही रकान्यात नसतो. जे मोजलं जातं तेच वाचनालय वाढवतं. म्हणून पुस्तकं वाढतात, कपाटं वाढतात. पालावर गोष्टी सांगायला गेलेल्या बाईंचे तास मात्र कुठंच लिहिले जात नाहीत.

(दृश्य : दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा. जुन्या वसतिगृहांच्या इमारती.)

या गावात हा प्रश्न एकदा सोडवून झालेला आहे. शाहू महाराजांनी शाळा सर्वांना खुल्या केल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात येऊन राहणार कुठं, जेवणार काय, हे त्यांनी पाहिलं. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहं झाली, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग झालं, लिंगायतांचं झालं, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं. ज्याची जी अडचण, तिच्यावर तो इलाज. आणि पैसा कसा उभा राहिला? दरबारानं जागा आणि मदत दिली, समाजातल्या लोकांनी आपली भर घातली, कारभार त्यांनीच पाहिला. सगळ्यांसाठी एकच दार उघडं ठेवलं की काम झालं, असं त्यांनी मानलं नाही. वाचनालयाच्या बाबतीत आपण अजून तेच मानून बसलो आहोत.

(दृश्य : कार्यालयात अर्ज भरणारे हात.)

अशा कामासाठी पैसा नाहीच, असंही नाही. तो विखुरलेला आहे, आणि लहान वाचनालयांपर्यंत त्याची माहिती नीट पोचत नाही.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाखालची संस्था. स्थापना १९७२, मुख्यालय कोलकाता. तिच्या योजना दोन तऱ्हेच्या. समान निधी योजनेत राज्य आपला वाटा घालतं आणि प्रतिष्ठान त्यात आपली भर घालतं. असमान निधी योजनेत प्रतिष्ठान स्वतःच्या पैशातून मदत करतं. आपल्या कामाची ही दुसरी. बालविभाग, महिला विभाग, ज्येष्ठ नागरिक, नवसाक्षर, दिव्यांग वाचक यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष उभारायला हिच्यातून साहाय्य मिळतं. वाचनालयाला पन्नास, पंचाहत्तर, शंभर वर्षं झाली असतील तर त्यासाठीही वेगळी मदत आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात जुनी वाचनालयं कमी नाहीत. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन या योजनांची चौकशी करणं, ही पहिली पायरी. कित्येक कार्यकारी मंडळं ती चढतच नाहीत.

(दृश्य : शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील औद्योगिक वसाहतींचे फलक.)

दुसरं दार उद्योगांचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं, ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणत्या कामावर, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात सार्वजनिक ग्रंथालयं उभारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षणाच्या कलमात स्त्रिया, वृद्ध आणि दिव्यांग यांचाही उल्लेख आहे. मात्र वाचनालयाची नोंदणी, १२-अ आणि ८०-जी या नावांनी ओळखली जाणारी, संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची प्रमाणपत्रं, लेखापरीक्षण, सगळं चोख लागतं. कागद अपुरे असल्यानं चांगलं काम परत फिरू नये, म्हणून हे आधी करून ठेवायचं.

आपल्या जिल्ह्यातला मोठा पैसा मात्र कंपन्यांत नाही, सहकारात आहे. साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था. सहकारी संस्थेला कंपनी कायद्याची २ टक्क्यांची सक्ती लागू होत नाही. तिथं वार्षिक सभेत उभं राहून, धर्मादाय निधीतून इतकी रक्कम द्या, असं सभासदालाच मागावं लागतं. आणि ज्या कारखान्याला ऊस तोडून दिला जातो, त्याच कारखान्याकडं तोडणाऱ्यांच्या मुलांसाठी पुस्तकांची पेटी आणि ती घेऊन पालावर जाणाऱ्या माणसाचं मानधन मागण्यात संकोच कसला?

(दृश्य : पेठेतली तालीम. फलकावर वर्गणीदारांची नावं.)

वर्गणी हा तर कोल्हापूरच्या हाडामांसातला विषय. पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या त्या अशाच. फुटबॉलचा संघ उतरवायचा म्हटलं की गल्ली एका आठवड्यात पैसे गोळा करते. वाचनालयासाठी तीच गल्ली पाच-दहा रुपयांवर का थांबते, याचा विचार वाचनालयांनीही करायला हवा. तालीम लोकांना आपली वाटते, कारण तिच्या दारात त्यांचं पोरगं दिसतं.

(दृश्य : कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला गावाचा नकाशा.)

म्हणून अर्जाची सुरुवात मागणीच्या आकड्यानं करू नका. आधी गाव फिरा. गावात किती भाषा बोलल्या जातात, किती घरात दिव्यांग माणूस आहे, दुपारी मोकळ्या असणाऱ्या बायका किती, रात्रपाळीवाले किती, हे लिहून काढा. अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांना यातलं बरंचसं तोंडपाठ असतं, त्यांना विचारा. मग एकच काम निवडा. एकाच अर्जात बालविभाग, ई-ग्रंथालय, महिला मेळावा, व्याख्यानमाला असं सगळं कोंबलेलं असलं की वाचणाऱ्याला कशातच जीव दिसत नाही. खर्चात माणसाचं मानधन आणि प्रवासखर्च न लाजता पहिल्या ओळीत लिहा. पुस्तकं दुसऱ्या ओळीत. आणि वर्षअखेरीला काय दाखवणार तेही लिहा : किती नवी माणसं आली, त्यातली किती परत आली.

तपासणीच्या नमुन्यातही असा एक रकाना शासनानं घालावा, ही आमची मागणी आहे. कार्यक्रम कोणासाठी घेतला, किती जण आले, त्यावर किती खर्च झाला. एवढा रकाना आला, की त्या कामाला अनुदानाच्या हिशेबात जागा मिळेल.

(दृश्य : उसाचा फड. वाहनांत सामान चढवून परतीला निघालेली कुटुंबं.)

शेवटची गोष्ट वेळेची. अनुदानाचा दुसरा हप्ता हातात पडतो तो बहुतेक वेळा आर्थिक वर्ष संपता संपता. तोवर ऊसतोडीचा हंगाम उरकत आलेला असतो आणि पालं उठायला लागलेली असतात. मार्चमध्ये आलेल्या पैशातून पुस्तकं घेता येतील, पण ती ज्यांच्यासाठी घ्यायची ती मुलं बीडला पोचलेली असतील. पालावरच्या पेटीसाठी कारखान्याकडं अर्ज जायचा तर तो पावसाळ्यात, वार्षिक सभेच्या आधी गेला पाहिजे, आणि पैसे दसऱ्याच्या आत वाचनालयाच्या खात्यावर जमा व्हायला हवेत.